कलम ८३ ची एन.सी. : मुंबईच्या सहा खासदारांना खुलं पत्र

प्रति,
लोकसभेत मुंबईचं प्रतिनिधित्व करणारे सहाही खासदार

स.न.वि.वि.

सशस्त्र गटांनी किंवा टोळ्यांनी मुलांना कामाला लावणं हा गुन्हा पुन्हा दखलपात्र व्हावा, म्हणून बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८६ मध्ये एक दुरुस्ती करून घ्यावी, एवढ्याचसाठी हे पत्र लिहिते आहे. पाणी, लोकल, पुनर्विकास हे विषय घेऊन तुमच्या कार्यालयात रोज माणसं येतात. हा विषय घेऊन कोणी येणार नाही. ज्यांचा तो आहे त्यांची नावं मतदारयादीत यायला अजून काही वर्षं आहेत, आणि त्यांतली बरीचशी मुंबईत राहतही नाहीत.

आधी याच कायद्याचं कलम ८३ काय म्हणतं ते सांगते. त्याची दोन पोटकलमं आहेत. केंद्र सरकारने जाहीर केलेल्या बिगरसरकारी सशस्त्र गटाने मुलाला भरती केलं किंवा कुठल्याही कामासाठी वापरलं, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड, हे पहिलं. कोणा प्रौढाने किंवा टोळीने मुलाला बेकायदा कामाला लावलं तर तेवढीच शिक्षा, हे दुसरं. पहिलं गडचिरोली, बस्तर, मणिपूरसाठी. दुसरं आपल्या शहरासाठी, जिथे अमली पदार्थाची पुडी पोचवणारा पोरगा गोवंडीचा असतो आणि ती घेणारा बहुतेक वेळा गोवंडीत राहत नाही.

२०२१ साली या कायद्यात बदल झाले. वर्तमानपत्रांत गाजली ती दत्तक प्रकरणं, कारण दत्तकाचे आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्याकडे गेला. लोकसभेने विधेयक मार्चमध्ये मंजूर केलं, राज्यसभेने २८ जुलैला, सभागृहात गोंधळ चालू असताना. त्याच विधेयकात कलम ८६ बदललं. या कायद्याखालचे तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे तोवर दखलपात्र होते, ते अदखलपात्र झाले. १ सप्टेंबर २०२२ पासून हा बदल लागू आहे. कलम ८३ त्यात सापडलं. मुलाला भीक मागायला बसवणं, त्याच्याकडून अमली पदार्थ वाहून नेणं, मूल विकणं, हेही सापडलं.

एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, काय असते हे मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही. जिन्यात चपला ठेवण्यावरून शेजाऱ्याने शिवीगाळ केली की आपण पोलीस ठाण्यात जातो. हवालदार चार ओळी लिहून घेतो, कागद हातात देतो आणि म्हणतो, पुढचं कोर्टात बघा. दंडाधिकाऱ्याचा आदेश आल्याशिवाय पोलिसाला तपासच करता येत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५५ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १७४ आहे, आशय तोच. बारा वर्षांच्या मुलाला दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, ओढणं हा गुन्हा आज कागदोपत्री त्या चपलांच्या रांगेत जाऊन बसला आहे. त्यातही गंमत अशी, की गुन्हा अजामीनपात्र मात्र राहिला. म्हणजे पकडलंच तर जामीन सहज नाही, पण पकडायला आधी कोर्टाची परवानगी आणा. हा बदल करताना कलम ८३ कोणाच्या डोळ्यांसमोर होतं असं मला वाटत नाही. शिक्षेचे आकडे पाहून सरसकट रेघ मारली आणि तिच्याखाली जे आलं ते आलं.

मी परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा मोठा भाग डोंगरीत गेला. 'मस्ती केलीस तर डोंगरीला टाकीन' हे वाक्य मुंबईतल्या ज्या पिढ्यांनी लहानपणी ऐकलं, त्यांना डोंगरी म्हणजे उमरखाडीचं निरीक्षणगृह हे माहीत आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येक मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल लिहायचा असतो. घर कसलं, शाळा कधी सुटली, संगत कोणाची, गुन्ह्यामागे कोणा मोठ्याचा हात आहे का. या शेवटच्या प्रश्नापाशी माझं पेन नेहमी अडायचं. एक मुलगा आठवतो, चौदाच्या आसपासचा, कारण जन्मदाखला नव्हता आणि वय दातांवरून ठरवलेलं होतं. त्याच्याकडे माल सापडला होता. कोणी दिला, तर 'दादाने'. दादाचं नाव काय, तर 'दादाच'. मग जरा वेळाने त्यानेच मला विचारलं, मी इथे आहे हे दादाला कळवलं का, नाहीतर तो माझ्या आईकडे पैसे मागायला जाईल. पोलिसांच्या कागदात दादा 'अज्ञात इसम' होता आणि प्रकरण बंद होईपर्यंत अज्ञातच राहिला. कागदावर नाव होतं ते एकट्या मुलाचं.

त्या वेळी हा गुन्हा दखलपात्र होता, तरी हे असं होतं. आता तर तपास न करायला कायद्यानेच सबब दिली आहे.

आता जंगलातल्या मुलांकडे वळते, कारण हे कलम मुळात त्यांच्यासाठी आणि आपण जगाला दिलेल्या शब्दापोटी कायद्यात आहे. १९७७ च्या जिनिव्हा अतिरिक्त प्रोटोकॉलांनी, म्हणजे युद्धाच्या नियमांच्या पूरक करारांनी, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लढाईत उतरवायला मनाई केली. भारत त्या प्रोटोकॉलांत सामील नाही. १९८९ च्या बालहक्क संहितेनेही या एका बाबतीत पंधराचीच रेषा ठेवली. बाकी सगळ्या बाबतींत अठरापर्यंत मूल आणि बंदुकीच्या बाबतीत पंधरापर्यंतच, असा तो विचित्र तह होता. तो २५ मे २००० रोजी स्वीकारलेल्या, याच संहितेला जोडलेल्या वैकल्पिक प्रोटोकॉलने बराचसा सुधारला. १२ फेब्रुवारी २००२ ला हा प्रोटोकॉल अमलात आला आणि भारताने नोव्हेंबर २००५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याचा अनुच्छेद ४ सांगतो की बिगरसरकारी सशस्त्र गटांनी अठराखालच्या कोणालाही कुठल्याही परिस्थितीत भरती करू नये, लढाईत वापरू नये, आणि सही करणाऱ्या देशांनी हे थांबवण्यासाठी शक्य ते सगळं करावं, कायद्याने तो गुन्हा ठरवण्यासकट. २०१७ मध्ये आपण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८२ क्रमांकाचा करारही मान्य केला. त्यात मुलांची युद्धासाठी सक्तीची भरती बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांत धरली आहे.

२०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने या प्रोटोकॉलखालच्या भारताच्या अहवालाची तपासणी केली. पुढच्याच वर्षी नव्या बाल न्याय कायद्यात कलम ८३ आलं. अनुच्छेद ४ मध्ये जे करू म्हणून आपण कबूल केलं होतं, ते देशातल्या कायद्यात थेट उतरलं ते इथे. म्हणून त्याची एन.सी. होणं ही नुसती पोलीस ठाण्यातली अडचण नाही.

कोणी म्हणेल, बाई, सैन्याचंच बोला ना, अग्निवीर साडेसतराव्या वर्षी भरती होतात. होतात, आणि स्वेच्छेने होणारी तशी भरती प्रोटोकॉलमध्ये बसते. अठराखालच्या जवानाला लढाईत उतरवायचं नाही, ही त्यातली अट, आणि तसं लेखी निवेदन भारताने २००५ मध्येच दिलं आहे. वयाची ती रेषा अठरावर न्यावी असं माझं मत आहे, पण तो वाद वेगळा. तो इथे आणून मूळ मुद्दा पातळ करायचा नाही.

मुलांच्या भरतीवर खटला चालवणं किती अवघड असतं, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या पहिल्याच खटल्यात दिसलं. आरोपी होता काँगोच्या इतुरी भागातला बंडखोर नेता थॉमस लुबांगा. आरोप एवढाच, की पंधराखालची मुलं भरती केली आणि लढाईत वापरली. जानेवारी २००९ मध्ये पहिला साक्षीदार उभा राहिला, पूर्वी त्याच्याच गटात असलेला एक तरुण. समोर आरोपीच्या जागी स्वतः लुबांगा बसलेला. आधी साक्षीदाराने भरती कशी झाली ते सांगितलं आणि त्याच दिवशी फिरवलं, म्हणाला की हे मला पढवलं होतं. दोन आठवड्यांनी तो पुन्हा साक्षीला आला. शेवटी न्यायाधीशांना बहुतेक मुलांच्या साक्षींवर विसंबता आलं नाही, कारण साक्षीदार शोधून देणाऱ्या मध्यस्थांवरच संशय होता. मग निकालात वजन पडलं ते चित्रफितींना. त्यातल्या एकीत रुआंपारा नावाच्या प्रशिक्षण तळावर लुबांगा भाषण करतो आहे, आणि समोरच्या घोळक्यात काही पोरं इतकी लहान आहेत, की त्यांच्या वयाचा दाखला मागायची गरज पडू नये. त्या चित्रफितीची तारीख १२ फेब्रुवारी २००३. प्रोटोकॉल अमलात येऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. २०१२ मध्ये लुबांगाला चौदा वर्षांची शिक्षा झाली. मुलं आपणहून आली होती हा बचाव तिथे चालला नाही. इतक्या लहान मुलाची संमती धरायचीच नाही, असं न्यायालयाने मानलं.

हे सविस्तर सांगितलं, कारण एन.सी.चा सगळा डोलारा तक्रारदारावर उभा असतो. तक्रारदाराने दंडाधिकाऱ्याकडे जायचं, त्याने पटवून द्यायचं, मग आदेश निघणार, मग तपास. हेगमध्ये साक्षीदाराला संरक्षण होतं, ओळख लपवलेली होती, सोबतीला मानसतज्ज्ञ होते, तरी तो पोरगा डगमगला. गडचिरोलीतल्या भामरागडच्या एखाद्या पाड्यातल्या बापाने, ज्याच्या घरावर दोन्ही बाजूंची नजर असते, आपण होऊन तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढावी अशी कायद्याची अपेक्षा आहे.

आता यावर मिळणारी उत्तरं. तुमचे कायद्याचे सल्लागार ती देतील, म्हणून मीच आधी मांडते. मूल पळवून नेलं तर अपहरणाचा गुन्हा आहे, तो दखलपात्रच आहे. दहशतवादी कृत्यासाठी भरती केली तर यूएपीएचं, म्हणजे बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याचं, कलम १८ ब आहे, जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मुलाकडून गुन्हा करून घेतला तर भारतीय न्याय संहितेचं नवं कलम ९५ आहे, तीन ते दहा वर्षं. आणि जोडीला एक जरी दखलपात्र कलम लागलं, तर सगळंच प्रकरण दखलपात्र धरलं जातं. सगळं खरं आहे.

पण मुलं आणि सशस्त्र संघर्ष या विषयावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या अहवालांत भारताबद्दल वर्षानुवर्षं काय येत होतं ते पाहा. माओवाद्यांचे बाल दस्ते आणि बाल संघम, म्हणजे मुलांची पथकं आणि मंडळं. सहा ते बारा वर्षांची मुलं. यातलं बाल संघमचं मूल गावातच राहतं. आईबापांच्या ताब्यातून ते कुठे गेलेलंच नाही, म्हणजे अपहरण नाही. ते नाक्यावर खेळता खेळता पोलिसांची गाडी आली का बघतं, चिठ्ठी पोचवतं, तांदळाची पिशवी पलीकडच्या पाड्यावर नेऊन देतं, पत्रकं वाटतं, गाणी म्हणतं. यात दहशतवादी कृत्य कुठलं? न्याय संहितेच्या ९५ प्रमाणे त्याने केलेला गुन्हा कुठला? पिशवी नेणं हा गुन्हा नव्हे. या मुलापर्यंत पोचणारं कलम एकच, ज्यात 'कुठल्याही कामासाठी' असं म्हटलं आहे. ते कलम ८३. नेमकं तेच एकटं लागलं की पोलिसाचे हात बांधलेले.

आणि ही मुलं दुय्यम नाहीत. २००७ च्या पॅरिस तत्त्वांनी स्पष्ट केलं आहे की सशस्त्र गटाशी जोडलेलं मूल म्हणजे फक्त बंदूकधारी नव्हे. स्वयंपाक करणारं, ओझी वाहणारं, निरोप्या, खबऱ्या, आणि लैंगिक शोषणासाठी ठेवलेल्या मुली, सगळी त्यात येतात. सगळीकडचा अनुभवही तोच आहे. निरोपापासून सुरुवात होते, बंदूक पुढे दोन-चार वर्षांनी येते. थांबवायचं असेल तर निरोपाच्या टप्प्यावर थांबवायला हवं.

गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदला यावर मूल कोणासमोर उभं राहणार हेही बरंचसं ठरतं. याच कायद्याच्या व्याख्येत सशस्त्र संघर्षाची झळ बसलेलं मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं' मूल आहे. त्याने बालकल्याण समितीपुढे जायला हवं. पण भरती करणाऱ्याविरुद्ध काहीच नोंदलं गेलं नाही आणि मुलाजवळ काडतुसं सापडली, तर ते बाल न्याय मंडळापुढे जातं, आरोपी म्हणून. वय सोळाच्या वर असेल आणि चकमकीत कोणी मेलं असेल, तर कलम १५ खाली प्राथमिक मूल्यमापन होऊन प्रौढासारखा खटलाही चालू शकतो. हेगचं न्यायालय ज्या कराराने स्थापन झालं त्यात अनुच्छेद २६ आहे, गुन्ह्याच्या वेळी अठराखाली असलेल्या कोणावरही तिथे खटला चालतच नाही. ते न्यायालय भाबडं आहे असंही नाही. युगांडाच्या डोमिनिक ओंग्वेनला लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर गटाने नऊ वर्षांचा असताना शाळेच्या वाटेवरून पळवलं होतं. मोठा होऊन तो त्याच गटाचा कमांडर झाला आणि त्याने दुसऱ्यांची मुलं पळवली. २०२१ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली, पण ती प्रौढपणी केलेल्या गुन्ह्यांसाठी, आणि शिक्षा ठरवताना त्याचं बालपण विचारात घेतलं गेलं. त्या बालपणाची नोंद होती म्हणून ते विचारात घेता आलं. आपल्याकडे भरतीचा गुन्हाच नोंदला नाही, तर दहा वर्षांनी त्या मुलाने कोणाला काय दाखवायचं?

हा प्रश्न काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत माओवादी नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. त्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. आत्मसमर्पण करणाऱ्यांना घर, पैसे, प्रशिक्षण मिळतं ते योग्यच आहे. मला एकच विचारायचं आहे. नोंदणीच्या अर्जात 'दलममध्ये आलात तेव्हा वय किती' हा प्रश्न असतो का, आणि उत्तर अठराच्या खालचं आलं तर त्या कागदाचं पुढे काय होतं? २०१५ चा कायदा १५ जानेवारी २०१६ ला लागू झाला, त्याआधीच्या भरतीला कलम ८३ लावता येणार नाही हे मी जाणते. पण त्यानंतरच्या भरतीला लागतं, आणि सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा मुदतीबाहेर जात नाही. आज जंगल शांत होत असताना हे जबाब नोंदवणं जितकं सोपं आहे तितकं पूर्वी कधीच नव्हतं.

२०२३ मध्ये महासचिवांच्या वार्षिक अहवालातून भारताचं नाव वगळलं गेलं. सरकारने मुलांच्या संरक्षणासाठी उचललेल्या पावलांचा तो परिणाम होता आणि केंद्राने त्याचं श्रेय जाहीरपणे घेतलं. घ्यावंच. त्याआधी नऊ-दहा महिने आपण भरतीच्या गुन्ह्याचे दात काढून ठेवले होते, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. उद्या कोणी विचारलं तर उत्तर संसदेला द्यावं लागेल, म्हणजे तुम्हाला.

मागणी छोटी आहे. कलम ८६ च्या पोटकलम (२) मध्ये 'अदखलपात्र' आहे तिथे पूर्वीसारखं 'दखलपात्र' करा. सगळ्या गुन्ह्यांसाठी करता येत नसेल, तर निदान ७६ (भीक), ७८ (अमली पदार्थ), ८१ (विक्री) आणि ८३ या चार कलमांसाठी तसा अपवाद घाला. सरकारी विधेयकाची वाट पाहायची नसेल तर शुक्रवारी खासगी सदस्यांच्या विधेयकांना वेळ असतो, आणि हे विधेयक एका पानात मावेल. ती विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत हे मलाही ठाऊक आहे, पण मांडलं की मंत्रालयाला भूमिका घ्यावी लागते. त्याच्याही आधी एक प्रश्न विचारता येईल: १ सप्टेंबर २०२२ नंतर कलम ८३ खाली देशात किती गुन्हे नोंदले गेले, किती प्रकरणांत दंडाधिकाऱ्यांनी तपासाचे आदेश दिले, आणि महाराष्ट्राचे आकडे काय. तारांकित प्रश्न असेल तर उत्तर तोंडी मिळेल आणि उपप्रश्न विचारता येतील.

तुम्ही सहाही जण एकाच पक्षाचे नाही. २०२१ चा हा बदल कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात नव्हता, त्यामुळे तो मागे घेताना कोणाची पंचाईत होण्याचं कारण दिसत नाही. मसुदा तयार करायला मदत लागली तर मुंबईत बाल न्यायाचं काम केलेले वकील आणि निवृत्त अधिकारी पुष्कळ आहेत, फुकट येतील. मीही येईन.

या पत्राच्या सहा प्रती तुमच्या मतदारसंघातल्या कार्यालयांत पोचत्या करून पोच घेत आहे. जे उत्तर येईल ते, आणि येणार नाही तेही, असंच खुलं ठेवीन.

कळावे,
आपली,
एक निवृत्त परिवीक्षा अधिकारी
भांडुप (पूर्व), मुंबई